भोंग्याखालची खुर्ची

देवीलाल राठोडाच्या तोंडाला कुलूप लावणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं टेकडी तांड्यात सगळे म्हणायचे. तो माणूस साठ वर्षांपूर्वीच बोरी अरबला जन्माला आला होता. तांड्यावर पोचायला त्याला उशीर झाला, एवढंच.

देवीलालचा धंदा मांडव आणि लाउडस्पीकरचा. दिग्रसच्या आसपास कुठेही लग्न असो, बारसं असो, नाहीतर कुणाचा सत्कार असो, दोन भोंगे, एक मशीन आणि देवीलाल असा संच जायचा. त्यातला देवीलाल कुणी मागितलेला नसला तरी यायचाच. माइक हातात आला की त्याला स्वर्ग दोन बोटं उरायचा. एकदा एका लग्नात तो बटण बंद करायला विसरला आणि नवरदेवाच्या मामाने केलेल्या वरणाबद्दल त्याचं खासगी मत पंगतीतल्या चारशे माणसांनी ऐकलं. तेव्हापासून त्याची बायको रुपीबाई त्याला घरातून निघताना डबा, पाणी आणि बटण अशा तीन गोष्टींची आठवण करून द्यायची.

तांड्याला फुटबॉलचं वेड होतं आणि खेळ मुळीच येत नव्हता. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात हे ज्याला पटत नसेल, त्याने तेव्हाचा आमचा संघ बघायला हवा होता. राठोडाचा पोरगा राठोडालाच बॉल द्यायचा, चव्हाणाचा चव्हाणाला. पवारांची दोनच पोरं संघात होती, ती बिचारी सगळी मॅच एकमेकांना शोधत फिरायची. वरून देवीलालचा भोंगा: "राठोड घराण्याचा ढाण्या वाघ, मैदानाचा बादशहा, बादल!" बादल हा देवीलालचाच मुलगा. मग चव्हाणांना राग यायचा, म्हणून लगेच एका चव्हाणाला तोफ म्हणावं लागायचं. पोरं बॉलकडे बघायची सोडून भोंग्यात आपलं नाव कधी येतं त्याची वाट बघायची. दहा वर्षांत संघाला एकच बक्षीस मिळालं होतं, शिस्तबद्ध संघाचं. आणि तेही हरल्यावर भांडण न केल्याबद्दल.

अशा संघाच्या नशिबी धम्मरत्न मनवर आले. दिग्रस–यवतमाळ गाडीवर तीस वर्षं वाहक. एसटीच्या वाहकाला आपल्याकडे मास्तर म्हणतात, त्यामुळे पुढे त्यांचं नाव बदलावं लागलं नाही. तरुणपणी ते कामठीला मामाकडे राहिले होते, आणि कामठीत राहून फुटबॉल न खेळणं म्हणजे विहिरीत राहून कोरडं राहणं. दहा वर्षं ते तिथे खेळले. नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांची गाडी तांड्याच्या फाट्यावर पंक्चर झाली. टायर बदलेपर्यंत त्यांनी मॅच पाहिली आणि निघताना देवीलालला सांगितलं, की तुमची पोरं फुटबॉल खेळत नाहीत, भाऊबंदकी खेळतात.

निवृत्त झाल्यावर पुढच्याच सोमवारी ते चारच्या गाडीने फाट्यावर उतरले. तांड्याचे नायक पूनमसिंग यांच्या ओट्यावर बसून त्यांनी दोन अटी घातल्या. पोरांची आडनावं त्यांना कुणी सांगायची नाहीत. आणि भोंगा बंद.

देवीलालने त्या दिवशी जेवण केलं नाही.

मास्तरांनी पोरांना जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. त्यांनी मैदानावर एसटीचा रस्ता आखला. गोलकीपर म्हणजे डेपो. मागची फळी दिग्रस, मधली दारव्हा, पुढची बोरी, आणि समोरच्या संघाचं गोल म्हणजे यवतमाळ. दिग्रसहून निघालेली गाडी दारव्ह्याला लागल्याशिवाय बोरीला जात नाही आणि बोरी गाठल्याशिवाय यवतमाळ येत नाही, एवढंच त्यांचं शास्त्र. विनाथांबा गाडी आपल्याकडे नाही, असं ते सांगायचे. हातात सायकलची एक जुनी घंटी असायची. एकदा वाजली की थांबा, बॉल धरून ठेवा; दोनदा वाजली की सोडा गाडी. ज्या पोरांना दहा वर्षं कुणाचंच ऐकू आलं नव्हतं, त्यांना ही भाषा जन्मापासून येत होती.

त्या वर्षी संघाने सहा मॅच जिंकल्या. मग मात्र तांड्याने मास्तरांना जे डोक्यावर घेतलं, ते खाली ठेवायचं नावच नाही. रुपीबाईने घंटीसाठी आरशांची, कवड्यांची पिशवी शिवली. हंसाबाई म्हातारी आपल्या एकुलत्या एक म्हशीचं तूप सुनेपासून लपवून त्यांच्यासाठी ठेवायची, आणि सून तेच तूप सासूपासून लपवून. लोक त्यांना 'जय भीम मास्तर' म्हणायचे, ते बंजाऱ्यांचं 'जय सेवालाल' म्हणून उत्तर द्यायचे, आणि ही देवाणघेवाण ऐकायला लहान पोरं फाट्यापर्यंत धावायची. कुणाच्या घरी नवराबायकोचं भांडण वाढलं तर शेजारी एकदाच टिंग करायचे. लग्नाच्या पंगतीत वाढपी "दारव्ह्याला भात पोचला नाही" असं ओरडू लागले. एवढं प्रेम तांड्याने आपल्या आमदारावरही केलं नव्हतं; अर्थात त्याने तसं काही केलंही नव्हतं.

आणि देवीलाल? तो तीन महिने रुसला. चौथ्या महिन्यात त्याने मास्तरांसाठी स्वतःची फायबरची खुर्ची मैदानावर नेऊन ठेवली आणि लोकांना सांगितलं की ती घरात अडचण करत होती. त्याला कळून चुकलं होतं की भोंगा बंद असताना त्याने पहिल्यांदाच मॅच पाहिली. आपला बादल बॉल पायाला चिकटल्यासारखा घेऊन पळतो, हे बावीस वर्षांत त्याने कधी बघितलंच नव्हतं. तो नुसता सांगत होता.

दुसऱ्या वर्षी पावसाळा संपल्यावर मास्तर एक दिवस आपणहून देवीलालच्या दुकानात आले आणि म्हणाले की भोंगा पुन्हा सुरू कर. देवीलालच्या हातातून वायर गळून पडली. पण अटी होत्या. विशेषण लावायचं नाही. आडनाव घ्यायचं नाही. बॉल कोणत्या थांब्यावर आहे, समोर माणसं किती आहेत, रस्ता कुठे मोकळा आहे, जे दिसेल तेवढंच सांगायचं.

देवीलालला वाटलं, शेवटी माणसाला कलेची कदर आली. लोकांना मात्र त्याची नवी कॉमेंट्री बसस्टँडवरच्या घोषणेसारखी वाटली. "दारव्ह्यावर बॉल. समोर दोन. डावीकडे रस्ता मोकळा." शिवाय मास्तरांनी खुर्ची हलवून थेट भोंग्याच्या खांबाखाली घेतली. एवढ्या कर्कश आवाजात हे कसे बसतात, याचं सगळ्यांना नवल. त्याच सुमारास त्यांनी पोरांनाही सवय लावली, की बॉल पायात आला की आपल्या थांब्याचं नाव ओरडायचं. मैदान ऐन दिवाळीतल्या बसस्टँडसारखं गाजू लागलं. मास्तर डोळे मिटूनही खेळ सांगतात, असं लोक कौतुकाने म्हणायचे. मास्तरला पाठीलाही डोळे आहेत, असंही म्हणायचे. ते कधी दोरीला अडखळले, कधी पुढे केलेला चहाचा ग्लास त्यांना दिसला नाही, तर त्यांच्या डोक्यात डाव चाललाय म्हणून बाया पोरांना गप्प करायच्या. प्रेमात माणसाला दुसऱ्याचं सगळं दिसतं, फक्त जे समोर असतं ते सोडून.

देवीलालने अटी पाळल्या, पण माणसाचा स्वभाव कुठे जातो! चार-सहा मॅचनंतर जीभ हळूहळू सैल झाली. कधी बोरी 'झपाट्याने' जाऊ लागला, कधी लांबून गेलेला बॉल 'थोडक्यात' हुकू लागला. नायकाच्या पुतण्याचा मान ठेवावा लागे. आणि बादल तर पोटचा पोरगा.

तिसऱ्या वर्षी जिल्ह्याची स्पर्धा दिग्रसला होती आणि संघ उपांत्य फेरीत पोचला. आसपास धड चालणारे दोन भोंगे देवीलालचेच, म्हणून मॅच सांगायचं कामही त्याच्याकडेच आलं. त्या दिवशी शेवटच्या दहा मिनिटांत संघ एका गोलने पुढे होता. बादलकडे बॉल आला, समोर दोन माणसं होती, आणि त्यातल्या एकाने तो बादलच्या पायातून सरळ काढून घेतला. महिलांच्या बाजूला रुपीबाई उभी होती, तिच्याकडे बघून देवीलालच्या तोंडून निघून गेलं, "बोरीने एकाला चुकवलं, बोरी पुढे!"

मास्तरांनी तत्काळ दोनदा घंटी वाजवली. पोरं ती घंटी ऐकल्यावर विचार करत नसत. दिग्रस, दारव्हा सगळं पुढे धावलं आणि मागे डेपो एकटा राहिला. बॉल समोरच्या संघाकडेच होता. गोल झाला.

बॉल कुणाकडे आहे हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं, मग मास्तरांनी घंटी कशी वाजवली? मॅच कशीबशी पेनल्टीवर जिंकली, पण कुणी नाचलं नाही. मास्तरांनी पोरांना जवळ बोलावून सांगितलं की चूक त्यांची होती, वयामुळे होतं असं. देवीलाल चार पावलांवर वायरी गुंडाळत होता. त्याच्या डोक्यात काहीतरी टोचत होतं, पण अजून उजेड पडला नव्हता.

माफी मागायची म्हणून तो मास्तरांच्या मागोमाग स्टँडवर गेला. सूर्य मावळायला अवकाश होता. यवतमाळची गाडी फलाटाला लागली होती आणि तिच्या कपाळावर हातभर अक्षरांत यवतमाळ लिहिलेलं होतं. ज्या गाडीवर त्या माणसाने तीस वर्षं काढली, त्या गाडीच्या समोर उभे राहून मास्तर शेजारच्या बाईला विचारत होते, "बाई, हे कोनती गाडी होय?"

दोन वर्षांची एकेक गोष्ट देवीलालसमोर येऊन उभी राहिली: खुर्ची, भोंगा, थांब्यांची नावं, चहाचा ग्लास. आणि सगळ्यांत शेवटी आजची घंटी.

तो काही बोलायच्या आतच मास्तर म्हणाले, "देवीलाल, तूच ना? चपलेच्या आवाजावरून ओळखलं."

"मास्तर, कधीपासून?"

"काचबिंदू होय. दोन वर्षं झाले. आता नुसतं धुरकट दिसते. डॉक्टर म्हनले गेलेलं परत येत नाही." ते हे गाडीला उशीर झाल्याचं सांगावं तसं सांगत होते.

"मग सांगतलं काहून नाही आमाले?"

"सांगतलं असतं तर तांड्यानं मले हात धरून खुर्चीत बसवलं असतं, अन् हात धरूनच घरी सोडलं असतं. मास्तर राहलो नसतो मी, पाहुना झालो असतो." मग थोडं थांबून ते म्हणाले, "आज तू खोटं बोलला. मले वाटलं तू जे सांगतं ते मीच पाहून राह्यलो."

एवढी वर्षं देवीलालला वाटत होतं की आपला आवाज चार कोस जातो. तो एका माणसाच्या डोळ्यांपर्यंत जात होता आणि त्याला पत्ताच नव्हता. त्याने मास्तरांचे पाय धरायला हात पुढे केला. मास्तरांना तो दिसला नाही, आणि ते बरंच झालं, कारण त्यांना पाया पडलेलं खपत नसे. ते म्हणाले की रविवारी मारेगावशी फायनल आहे. त्यानंतर त्यांची मुलगी दीपा त्यांना कायमचं नागपूरला नेणार होती. तोवर कुणाला सांगायचं नाही, आणि फायनलला जे दिसेल ते खरंखरं सांगायचं. देवीलालने शब्द दिला. गाडीत चढताना त्यांनी दांडा बरोबर पकडला. तो त्यांना डोळ्यांशिवाय माहीत होता.

रविवारी सकाळी देवीलाल घरात आला तेव्हा रुपीबाई बादलच्या डाव्या घोट्यावर हळदीचा लेप लावून पट्टी गुंडाळत होती. घोटा भाकरीसारखा फुगला होता. आदल्या दिवशीच्या सरावात मुरगळला, म्हणे. देवीलालने विचारलं, मास्तरांना सांगितलं का? मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या दिवशी पलीकडच्या तांड्याहून हिरासिंग आपल्या मुलीला, राखीला घेऊन मॅच बघायला येणार होते. बघायचं अर्थातच बादलला होतं. सोयरे येणार आणि पोरगा बाहेर बसलेला दिसणार, हे रुपीबाईला सहन होण्यासारखं नव्हतं. तिने नवऱ्याला निक्षून सांगितलं, "तोंड बंद ठेवजा. पोराच्या जिंदगीचा सवाल हाये."

देवीलालने आपल्या मनाची समजूत घातली. मास्तरांना त्याने जे दिसेल तेच सांगायचा शब्द दिला होता. पट्टी तर मोज्याच्या आत होती, ती काही दिसत नव्हती. ही पळवाट त्यालाही फारशी पटली नाही, पण संपूर्ण वाटेत ट्रॅक्टरमधल्या बाया मास्तरांच्या नावाने गाणं म्हणत होत्या आणि त्याला दुसरं काही सुचलं नाही.

मैदान फुल्ल भरलं होतं. तांडा झाडून सगळा आला होता. हंसाबाई सुनेच्या खांद्याला धरून आली होती. हिरासिंग पांढरं धोतर नेसून पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी राखी. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चेहरा पारखी माणसाचा केला होता. मारेगावचा संघ दांडगा. आणि भोंग्याखाली मास्तर, मांडीवर आरशांची पिशवी, हातात घंटी.

पहिला अर्धा भाग कोरडा गेला. देवीलाल शब्द मोजून बोलत होता. मारेगावची माणसं हसत होती, की हा कॉमेंट्री करतोय की गाड्या सोडतोय. बादल सुरुवातीला बरा पळाला. दुसऱ्या अर्ध्यात तो पाय ओढू लागला. लांबून कुणाला कळलं नसतं, पण बापाला कळलं. बाकी पोरंही काही बोलली नाहीत, कारण त्यांनाही सोयऱ्यांचं ठाऊक होतं. अख्खा संघ नवरदेवाला सांभाळून खेळत होता.

मग दारव्ह्याकडून सुंदर बॉल आला. समोर मोकळं रान. बादल वळला, त्याचा डावा पाय टेकला नाही, आणि बॉल एकटाच घरंगळत रेषेबाहेर गेला. तांडा ओरडला, "काही नाही, काही नाही!" रुपीबाई देवीलालकडेच बघत होती. त्याच्या जिभेवर तयार वाक्य होतं, 'थोडक्यात हुकला'. दोन शब्द. तेवढ्याने सगळ्यांचं भलं होणार होतं.

त्याने मास्तरांकडे पाहिलं. सगळं मैदान बॉलकडे बघत होतं आणि मास्तर एकटे मान वर करून भोंग्याकडे बघत होते, रेडिओवर बातमी ऐकणाऱ्या माणसासारखे.

"बोरीवर बॉल होता," देवीलाल म्हणाला. "समोर कोणी नव्हतं. बोरीच्या पायातून बॉल सुटला. बोरीचा डावा पाय टेकत नाही." इथवर तो माइकवरचं शुद्ध बोलला. मग त्याचा आवाज घरचा झाला. "घोटा सुजला हाये त्याचा. सकाळपासून. मले माहीत होतं, मास्तर. मी सांगतलं नाही."

दोन्ही भोंग्यांतून ते दिग्रसच्या जिनिंगपर्यंत ऐकू गेलं असेल. रुपीबाई खाली बसली आणि पदर तोंडावर घेतला. बादलने मैदानातून बापाकडे जे पाहिलं, ते देवीलालला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं.

घंटी एकदाच वाजली. मास्तरांनी बादलला बाहेर बोलावलं आणि शामला आत पाठवलं. शाम पवारांचा, अंगाने काडी, बाहेर बसायची सवय झालेला. बादल लंगडत बाहेर आला. बसायला कुठेच जागा नव्हती, म्हणून नेमका हिरासिंगांच्या शेजारी जाऊन टेकला. लाजेने त्याची मान वर होत नव्हती. थोड्या वेळाने हिरासिंगांनी हळूच विचारलं की हे सगळे एकाच बॉलच्या मागे का लागलेत, दुसरा नाही का? बादल त्यांना समजावून सांगू लागला. मान पुढे करून राखीही ऐकू लागली, आणि तिचे प्रश्न बापापेक्षा बरे होते.

देवीलालला तिकडे बघायला सवड नव्हती. तो आता डोळ्यांत तेल घालून पाहत होता आणि पाहिलेलं जसंच्या तसं सांगत होता. शेवटची पाच मिनिटं. "दिग्रसवर बॉल. समोर एक. दारव्ह्याला पोचला. मारेगावची तीन माणसं डावीकडे सरकली. उजवा रस्ता मोकळा. पूर्ण मोकळा."

टिंग टिंग.

दारव्ह्याने बॉल उजवीकडे सोडला. "बोरी!" शाम ओरडला, इतक्या मोठ्याने की त्या काडीत एवढा आवाज आहे हे त्याच्या आईलाही माहीत नव्हतं. सगळं मैदान उभं राहिलं आणि देवीलालच्या ओठांवर पंचवीस वर्षांची विशेषणं एकदम गर्दी करून आली, वाघ, तोफ, बादशहा, सगळी. त्याने ती गिळली.

"यवतमाळ," तो म्हणाला.

पुढे काय झालं ते सांगता येण्यासारखं नाही. हंसाबाई सुनेच्या गळ्यात पडली, ही गोष्ट तांड्यात अजून कपापेक्षा मोठी मानतात. पोरांनी मास्तरांना उचललं, नाचवलं आणि शेवटी त्यांच्या सांगण्यावरून खाली ठेवलं. त्या कल्लोळात मास्तर पायाने वायरीचा माग काढत देवीलालच्या टेबलाशी आले आणि टेबलाची कड धरून उभे राहिले. देवीलालने माइक खाली ठेवला होता. रुपीबाईने सकाळी रागाच्या भरात डबा दिला नव्हता, पाणी दिलं नव्हतं, आणि बटणाची आठवणही करून दिली नव्हती.

"देवीलाल," मास्तर हळू आवाजात म्हणाले, "नुसता गलका ऐकू येऊन राह्यला. मले काही दिसत नाही. कसा दिसते तांडा, सांग ना."

ते दोन्ही भोंग्यांतून मैदानभर गेलं.

देवीलालला कळलं नाही. त्याचे कान सुन्न होते आणि डोळे मास्तरांच्या चेहऱ्यावर. मग मैदानाकडे बघून तो सांगू लागला. "नायक फेटा उडवून राह्यले. शामले चौघांनी उचललं हाये, त्याचा बूट पडला. हंसाबाई नाचून राह्यली. बादल हिरासिंगच्या बाजूले बसला हाये, हसून राह्यला. रुपी…" तो थांबला. "रुपी माह्याकडं पाहून राह्यली. रागानं नाही."

"अन् तू?"

देवीलालने बाहीने डोळे पुसले.

"मी रडून राह्यलो, मास्तर."

स्वतःचाच हुंदका जेव्हा भोंग्यातून त्याला ऐकू आला, तेव्हा त्याने बटणाकडे पाहिलं. उशीर झाला होता. मैदान शांत झालं होतं. हळद लागलेल्या घरात कुणी वाईट बातमी आणावी तसा तांडा उभा होता. प्रत्येकाला आपापला न दिसलेला चहाचा ग्लास आठवत होता. मास्तरांनाही ती शांतता कळली. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि मान ताठ केली. हात धरायला आता कुणीतरी पुढे येणार, याची ते वाट बघत होते, हे देवीलालला त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं.

पण हात कुणी धरला नाही. बादल लंगडत पुढे आला, मास्तरांपासून दोन हातांवर थांबला आणि मैदानावर ओरडायचा तसा ओरडला, "बोरी!"

मास्तरांचा चेहरा त्या दिशेला वळला.

"दारव्हा," मागून कुणी म्हणालं. "दिग्रस." "डेपो, मास्तर." "बोरी," शाम म्हणाला, एकाच पायात बूट घालून. पोरं संपली तेव्हा मोठी माणसं पुढे आली. त्यांना थांबे नव्हते, म्हणून त्यांनी आपली नावंच सांगितली. पूनमसिंग. संगीता. भारत. हंसाबाईने नाव सांगितलं आणि लगेच तूप कुठे ठेवलंय तेही सांगितलं, सुनेदेखत. रुपीबाई सगळ्यांत शेवटी आली. "रुपी," ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

मग मास्तरांनी आरशांच्या पिशवीत घंटी टाकली आणि पिशवीचं तोंड आवळलं. दीपाला मी समजावतो, असं ते म्हणाले. नागपूर काही पळून जात नाही.

"उद्या चारच्या गाडीनं येतो. फाट्यावर मले कोनी हात धरून उतरवू नका," ते माइककडे तोंड करून म्हणाले. "फक्त गाडी थांबली की आपापलं नाव सांगजा."